ऐकायचा टोन

इकडे ये गं मुक्ता. जवळ बैस. त्या खुर्चीत नको, तिचा पाय डगमगतो. इथे पलंगावर बैस. आणि तो फोन उलटा ठेव आधी.

खरं म्हणजे तू इथे नाहीसच, हे मलाही दिसतंय. पण मला सवय अशी की लिहितानासुद्धा समोर कुणीतरी बसवावं लागतं, आणि रागवायला तर माणूस लागतोच. म्हणून तुला बसवलं. बहिणीची लेक तू. नोकरीसाठी नाशिकहून इंदूरला आलीस, सुरुवातीला माझ्याकडे राहिलीस, मग विजय नगरला फ्लॅट घेतलास आणि गायब झालीस. विजय नगर ते माझं अन्नपूर्णा म्हणजे काय परदेश आहे का गं? सिटी बस आहे, रिक्षा आहे, तुझी स्वतःची स्कूटर आहे. रोज सकाळी तुझा मेसेज तेवढा येतो, 'सगळं ठीक, मावशी.' मी विचारते, खोकला गेला का? जेवतेस का वेळेवर? दिवाळीचा फराळ कुठे करणार? उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी परत, 'सगळं ठीक, मावशी.'

हा फॉल्ट मला माहीत आहे. माझं सगळं आयुष्य तो दुरुस्त करण्यात गेलं. तेच आज लिहिते, कारण दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलंय, 'काकू, तुमच्या कामाविषयी लिहा, पण लोकांना कळेल असं.' तू वाचशील की नाही ठाऊक नाही. बाकीचे वाचतील.

तर माझं काम वॉकीटॉकीचं. सियागंजात आमचं दुकान होतं, खाली हार्डवेअरवाले, वर आम्ही. आधी लाउडस्पीकर आणि माइकचं सामान, ते तुझ्या काकांचं खातं. वॉकीटॉकी मागाहून आले आणि ते माझ्याकडे आले, कारण त्यांच्या मेनूतली बारीक अक्षरं वाचायचा तुझ्या काकांना कंटाळा. माझं इंग्रजी म्हणजे तरी काय, मेनूचं इंग्रजी! पण एकेक बटण दाबत, बिघडवत, परत जागेवर आणत शिकले. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे रागवायलाही कुणी नव्हतं. तो एक फायदा.

आता रिपीटर म्हणजे काय ते ऐक. हातातल्या सेटचा आवाज फार लांब जात नाही. मध्ये बिल्डिंग आली, तळघर आलं की संपला. म्हणून सगळ्यात उंच गच्चीवर एक पेटी बसवतात. तिला एक कान असतो आणि एक तोंड असतं. खालून कुणी हळू बोललं की ती ऐकते आणि तेच जोरात सगळ्यांना सांगते. आपल्या गल्लीत अशा बायका असतातच, फक्त या पेटीला परवाना लागतो.

पण पेटीनं कुणाचंही ऐकलं तर गोंधळ होईल. म्हणून तिला एक खूण ठरवून देतात. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या आवाजाच्या खाली सेट एक बारीक, खर्जातला सूर लावून ठेवतो. गाणाऱ्याच्या मागे तंबोरा असतो ना, तसा, पण इतका खाली की आपल्या कानाला तो कळत नाही. पेटीला कळतो. तो सूर असला तरच पेटी तोंड उघडते. याला आम्ही टोन म्हणतो. टोनला आकडा असतो. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा होता अठ्ठ्याऐंशी पॉइंट पाच. इंदूरमध्ये त्याला सगळे 'साढ़े अठासी' म्हणायचे, जसा काही भाजीचा भाव.

आणि गंमत इथून पुढे. प्रत्येक सेटमध्ये टोनची दोन घरं असतात. एक बोलायचा टोन, एक ऐकायचा टोन. बोलायचा टोन पेटीचं दार उघडतो. ऐकायचा टोन तुमच्या स्वतःच्या कानाचं दार. तो लावला की तुमचा सेट म्हणतो, अमुक सूर घेऊन आलात तरच मी तुमचं ऐकवीन, नाहीतर गप्प.

लोक मला विचारतात, स्वतःचा कान कशाला बंद करायचा? तर त्याचीही कारणं असतात. एकदा बायपासवरच्या मॅरेज गार्डनमधून एक मुलगी आली, लग्नाचे इव्हेंट करणारी. रडू आणि हसू दोन्ही एकदम येत होतं तिला. शेजारच्या गार्डनमध्येही लग्न होतं, तिथल्या लोकांनीही सेट त्याच बाजारातून घेतलेले, चॅनल तोच. शेजारी कुणीतरी ओरडलं, 'दूल्हे को गेट पे ही रोक लो, स्टेज तैयार नहीं है.' आणि हिच्या माणसांनी हिचा नवरदेव रोखला! घोडीवर बसवून ठेवला बिचाऱ्याला. फूफाजी, म्हणजे नवरदेवाच्या आत्याचे यजमान, खवळले, 'हमारे दूल्हे में क्या कमी है जो रोक रिये हो?' बँडवाले तेच तेच गाणं वाजवून दमले. आत स्टेज तर कधीचा सजलेला.

तिच्या सगळ्या सेटना मी बोलायचा एक टोन दिला आणि तोच ऐकायचा टोन म्हणून लावून दिला. आता शेजारच्यांचं तिला ऐकू येणार नाही. 'मतलब वो लोग बंद हो जाएँगे?' ती म्हणाली. नाही बाई, ते बोलतच राहणार. फक्त तुझा कान बंद होईल. हे कुणाला पटकन पटत नाही. ऐकू येत नाही म्हणजे तिकडे कुणी बोलतच नाही, असंच माणसाला वाटतं.

आणि तिथेच माझी झोप उडते. बोलायचा टोन चुकला तर लगेच कळतं. माणूस ओरडतो, 'मेरी आवाज ही नहीं जा रही!' आणि दुकानात येऊन उभा राहतो. पण ऐकायचा टोन चुकला तर काय होतं? काहीच होत नाही. बॅटरी फुल, दिवा हिरवा, खरखर नाही, गडबड नाही. छान शांतता. माणसाला वाटतं, आज दिवस बरा गेला. म्हणून तर मला शांत सेट बघवत नाही. घरी बसले तरी एक सेट खिडकीत चालू ठेवते. शेजारच्या वहिनी म्हणतात, 'अहो, याची खरखर बंद करा की.' मी म्हणते, खरखर आहे तोवर बरं आहे.

आता सोलंकी भियाची गोष्ट सांगते. तुला ती अर्धी माहीत आहे. अर्धीच, कारण मध्येच तुझा फोन वाजला होता.

विजय नगरच्याही पुढे एक मोठी टाउनशिप आहे, नाव कशाला सांगू. तिथला सिक्युरिटीचा सुपरवायझर म्हणजे सोलंकी भिया; इंदुरात कुणालाही 'भैया' म्हणायचं तर 'भिया'च म्हणतात. हसरा माणूस, अंगात उत्साह इतका की सांगितलेलं काम करून वर न सांगितलेलंही करायचा. तिथले सेट मीच लावून दिले होते. पेटी गच्चीवर, टोन साढ़े अठासी. एक दिवस सकाळी तो दुकानात आला, हातात दोन सेट.

'काकी, नमस्ते. छोटा सा काम है.'

'कौन सा सेट खराब है?'

'सेट कोई खराब नहीं, काकी. आदमी खराब है.'

पिछल्या गेटवर मांगीलालजी नावाचे एक म्हातारे गार्ड होते. त्यांची ही तक्रार. रेडिओवर कितीही बोलवा, उत्तर देत नाहीत. आधी सगळ्यांनी चेष्टेवारी नेलं, मग चिडायला लागले. आणि त्या आठवड्यात प्रकरण वाढलं. पुढच्या गेटसमोर रस्ता खोदलेला, एका फ्लॅटमध्ये आजोबांच्या छातीत दुखायला लागलं, अँब्युलन्स आली. पुढच्या गेटवरून रेडिओवर सांगितलं, 'पिछला गेट खोलो, एंबुलेंस आ री है.' मांगीलालजी गप्प. परत सांगितलं. गप्प. शेवटी एक जण टाउनशिपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेला आणि गेट उघडवलं. आजोबा वाचले, देवाची कृपा. पण त्यांच्या मुलानं कमिटीत असा काही आवाज चढवला की विचारू नकोस. कमिटी त्याच संध्याकाळी बसणार होती, मांगीलालजींना काढायला.

'बहरे हैं, काकी,' सोलंकी भिया म्हणाला. 'पहले कपड़ा मिल में थे. मशीनों ने कान खा लिए. चिल्ला के बोलते हैं हमेशा. मुझे खुद बुरा लग रिया है, पर क्या करूँ? कमिटी बोलती है पहले सेट चेक कराओ. तो आप सेक्रेटरी साहब को एक फोन लगा दो, बस, कि सेट ओके है. आपकी बात मानते हैं वो.'

'चेक तो करने दे.'

'मैंने कर लिया ना. देखो.' असं म्हणून एक सेट माझ्या हातात देऊन, दुसरा घेऊन तो जिना उतरला, हार्डवेअरवाल्याच्या पुढे रस्त्यावर हातगाड्यांच्या गर्दीत जाऊन उभा राहिला. माझ्या हातात मांगीलालजींचा सेट. त्यातून स्वच्छ आवाज आला, 'हेलो हेलो, काकी, क्लियर?'

एकदम क्लियर. मी उत्तर दिलं, तेही त्याला गेलं. सेट नवा कोरा. जुना पाण्याच्या हौदात पडला म्हणून महिन्याभरापूर्वीच हा आणलेला. मी फोन हातात घेतला. सेक्रेटरींचा नंबर काढला. आणि बोट काही त्या नंबरावर जाईना.

का जाईना, ते सांगता येत नव्हतं. चहा मागवला, तो तसाच ठेवला. सेट उचलला, ठेवला, परत उचलला. सोलंकी भिया वर आला तर मी उभीच.

'भिया, एक बात बता. वो बोलते हैं कि नहीं?'

'कौन, मांगी दादा? बोलते हैं ना! दिन भर बोलते हैं. हर थोड़ी देर में, "पिछला गेट, सब ठीक." सबको सुनाई देता है. यही तो मजे की बात है, काकी. बोलना आता है, सुनना नहीं आता.'

हे ऐकलं आणि मुक्ता, मी फोन खाली ठेवला. बहिरा माणूस असं करत नाही गं. ज्याला ऐकू येत नाही तो बटण दाबायलाच बिचकतो. आपण बोलतोय तेव्हा दुसरं कुणी बोलत असेल का, याची त्याला धास्ती असते. आणि हा माणूस दिवसभर नेमानं बोलतोय.

'सेट ठेव इथे,' मी म्हटलं.

'कैसे रखूँ? दादा की ड्यूटी है. इतनी देर से बिना सेट के बैठे हैं.'

'मग मी येते.'

'आप? वहाँ? काकी, शाम को कमिटी है, आप बस फोन...'

फोन नाही करणार, तिथे जाऊनच बोलणार, असं म्हणून पर्स घेतली. तो त्याच्या मोटरसायकलवर पुढे गेला, मी रिक्षा केली. त्या दिवशी सगळं इंदूर माझ्याच रस्त्यात येऊन उभं होतं. डोक्यात एकच चक्र. समोरासमोर चालतो, तिकडे चालत नाही. इथे काय नाही जे तिथे आहे? तिथे काय नाही जे इथे आहे? रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, 'काकी, पैर काहे हिला रिये हो? रिक्शा तो मैं चला रिया हूँ.'

मी म्हटलं, 'तू चालव, मी ढकलते.'

पिछलं गेट म्हणजे टाउनशिपचं अगदी शेवटचं टोक. कचऱ्याच्या गाड्या, पाण्याचे टँकर यांचा रस्ता. एक टिनाची खोली, बाहेर स्टूल, आणि स्टुलाशेजारी पाठ करून उभे असलेले उंच, वाळके मांगीलालजी. सोलंकी भिया गाडी लावत होता. मी मुद्दाम मागून, अगदी हळू म्हटलं, 'मांगीलालजी?'

ते लगेच वळले. 'हाँ, बाई साहब!' आवाज मात्र मोठा. अगं, जन्मभर मागांच्या खडखडाटात काम केलेला माणूस, त्याला हळू बोलायची सवय कुठून असणार? पण मोठ्यानं बोलतो तो बहिरा, हे लोकांनी ठरवूनच टाकलं होतं.

'तुम्हाला रेडिओवर बोलावतात, तुम्ही उत्तर का देत नाही?' मी हिंदीत विचारलं.

'बुलाए तो दूँ.'

'कोणी बोलावत नाही?'

त्यांनी सोलंकी भियाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. 'पेलां बुलाता था. पुराना सेट पे. यो नवो आयो, जब से कोई नी बोले. म्हने सोच्यो, नाराज हे म्हारा से. बूढ़ा आदमी, पीछे को गेट, कुण बात करे.'

'तरी तुम्ही बोलत राहता?'

'ड्यूटी हे, बाई साहब. वी नी बोले तो नी बोले. म्हारे तो बोलणो.'

विचार कर मुक्ता. महिनाभर हा माणूस दिवसातून कितीदा तरी सांगतोय, पिछला गेट, सब ठीक. आणि तिकडून कुणीच काही म्हणत नाही. त्याला वाटतंय, सगळ्यांनी मला टाकलं. आणि तिकडच्यांना वाटतंय, म्हातारा आम्हाला किंमत देत नाही. दोन्हीकडे दिवे हिरवे.

ते पुढे म्हणाले ते मला अजून आठवतं. सगळे बहिरा बहिरा म्हणतात म्हणून घरी ते टीव्हीचा आवाज हळू करून बघायचे, कुठवर ऐकू येतं ते. लेकीला विचारायचे, 'तू अभी कुछ बोली कईं?' ती काही बोललेली नसायची. 'अब तो म्हने भी लागे,' ते म्हणाले, 'कि कान गया.'

मी त्यांच्या स्टुलावर बसले, सोलंकी भियाकडून त्यांचा सेट मांडीवर घेतला आणि मेनू उघडला. बोलायचा टोन, साढ़े अठासी. बरोबर. पुढचं घर उघडलं. ऐकायचा टोन, साढ़े अठासी.

'सोलंकी भिया, यह किसने डाला?'

'मैंने. नया सेट आया तो सोचा काकी को क्यों परेशान करूँ.' तो अभिमानानं जवळ आला. 'मेन्यू में दो जगह थी, एक पे T लिखा था, एक पे R. तो T मतलब टोन, R मतलब रिपीटर. मैंने दोनों में डाल दिया. डबल पक्का!'

मला हसू आलं आणि रडूही. T म्हणजे ट्रान्समिट, बोलायचं घर; R म्हणजे रिसीव्ह, ऐकायचं घर. पण सेटवर तसं कुठे लिहिलंय? दोन अक्षरं, आणि अर्थ ज्याचा त्यानं लावायचा. घराला आतून कडी आणि बाहेरून कुलूप लावावं तसं त्यानं प्रेमानं डबल पक्कं करून ठेवलं होतं.

सांगते, झालं काय होतं. गच्चीवरची पेटी टोन ऐकून दार उघडते, पण टोन पुढे पाठवत नाही. तो गाळून टाकते आणि नुसता आवाज पुढे देते. बहुतेक पेट्या अशाच असतात. बाकीच्या सेटना मी ऐकायचा टोन लावलाच नव्हता, म्हणून त्यांना सगळं ऐकू यायचं. मांगीलालजींचा सेट मात्र साढ़े अठासीची वाट बघत बसला होता, आणि तो सूर पेटीकडून येणारच नव्हता. मग दुकानात कसा चालला? तिथे मध्ये पेटी नव्हती ना. सोलंकी भियाच्या सेटनं सूर लावला, तो थेट या सेटच्या कानात गेला, दार उघडलं. क्लियर!

हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. 'मतलब... दादा को कुछ सुनाई ही नहीं दे रिया था? एंबुलेंस वाले दिन भी?'

'एक महिना, भिया.'

मी ऐकायच्या घरातला आकडा काढला, घर रिकामं केलं, मेनू बंद केला आणि सेट मांगीलालजींच्या हातात दिला. पहिल्यांदा काहीच नाही. आणि मग सेट फुटल्यासारखा बोलायला लागला. पुढच्या गेटवरची पोरं होती.

'भिया, पानी का टैंकर आया है, कहाँ भेजूँ?'

'बहरे गेट पे भेज दे. और पैदल जा के बोल, रेडियो पे तो डोकरा सात जनम नी सुनेगा.'

आणि हसणं. तीन-चार जणांचं, मोकळं, सवयीचं. रोजचं असणार ते. त्या गेटचं नावच त्यांनी ठेवलं होतं, बहरा गेट.

सोलंकी भियानं झटकन हात पुढे केला, सेट घ्यायला. मांगीलालजींनी हात मागे नेला. ते सेटकडे बघत उभे राहिले, जणू त्याच्यात माणसं दिसतायत. मला वाटलं, हे मी काय करून बसले! कान उघडला आणि पहिलं हे गेलं कानात. त्यापेक्षा आकडा होता तो बरा नव्हता का?

मग त्यांनी सेट तोंडाशी नेला, बटण दाबलं आणि जन्मात पहिल्यांदाच असेल, पण हळू बोलले.

'बहरा गेट सुन रिया हे. टैंकर भेजो.'

बटण सोडलं. पलीकडे सगळं गप्प. मुक्ता, इतकी वर्षं मी सेट ऐकतेय, पण तसं गप्प मी कधी ऐकलं नाही. खूप वेळानं, म्हणजे मला तरी खूप वाटला, एक आवाज आला. मघाचाच, पण सगळी हवा गेलेला.

'...दादा?'

'हाँ.'

'दादा, वो... टैंकर आ रिया है.'

'आने दो. गेट खुलो हे.'

मी सोलंकी भियाला म्हटलं, 'आता लाव फोन सेक्रेटरीसाहेबांना. मी नाही, तू.' त्यानं लावला. थोडा वेळ बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला आणि मग म्हणाला, 'साब, सेट बहरा था, आदमी नहीं. डाला मैंने ही था.' एवढं बोलायला सुद्धा धैर्य लागतं, माझ्या मनात त्याच्याबद्दल तेव्हापासून माया आहे. पलीकडून बरंच काही बोलणं झालं असावं, तो 'जी साब, जी साब' करत राहिला. संध्याकाळची कमिटी बसली, पण मांगीलालजींना काढायचा विषय निघाला नाही. निघाला तो पुढच्या गेटच्या खोदलेल्या रस्त्याचा.

टँकर आला, आत गेला. मांगीलालजींनी मला चहा पाजला. चहा होईपर्यंत सेट चालूच, आणि ते एकेक आवाज आला की मला सांगत, हा अमका, हा तमका, याला सर्दी झाली वाटतं. महिनाभरानं भेटलेली माणसं होती ती. पण मधूनच एखादा 'बहरा' शब्द यायचा. सवय कुठे जाते पोरांची! तो आला की त्यांच्या कपाळावर बारीक आठी. शेवटी म्हणाले, 'बाई साहब, असो नी हो सके कि म्हारो काम हो जब ही बजे? बाकी नी बजे?'

होऊ शकलं असतं. पेटीला आणि बाकीच्या सेटना थोडं शिकवून त्यांना एकट्याचा वेगळा टोन देता आला असता. त्यांच्यासाठी असेल तेवढंच त्यांच्या कानात. तेच तर ऐकायच्या टोनचं काम. मी म्हटलं, 'देते करून. पण मग पोरांचं हसणं, भांडणं, कुणाला सर्दी झाली, ते काही नाही यायचं.'

त्यांनी सेट कानाशी नेला. सेटमधून कुणीतरी कुणाला विचारत होतं, डब्यात काय आहे म्हणून.

'रेवा दो,' ते म्हणाले, म्हणजे राहू द्या. 'आवा दो सब.'

ते अजून त्याच गेटवर आहेत. गेटचं नाव अजून बहरा गेट आहे. नवीन गार्ड येतात, त्यांना ते का ते माहीतही नसतं. मांगीलालजी स्वतःसुद्धा तेच नाव घेतात. फक्त त्यांच्या बोलण्यात एक शब्द वाढलाय. पूर्वी म्हणायचे, 'पिछला गेट, सब ठीक.' आता म्हणतात, 'बहरा गेट, सब ठीक. बोलो.' तो 'बोलो' म्हटला की ते थांबतात. कुणीतरी काहीतरी बोलेपर्यंत सेट खाली ठेवत नाहीत. आणि कुणी ना कुणी बोलतंच.

मीही त्यानंतर माझी पद्धत बदलली. टेबलावर तपासलेला सेट मी पास करत नाही. जिथे माणूस उभा राहणार तिथे त्याला उभं करायचं, मध्ये पेटी असू द्यायची, आणि 'हेलो हेलो' म्हणायचं नाही. हेलोला काय, कुणीही हेलो म्हणतं. मी विचारते, 'आज भाजी कोणती केली?' त्यानं 'गिलकी', म्हणजे आपली घोसाळी, असं म्हटलं की त्याला माझं गेलं आणि मला त्याचं आलं. इंजिनियर लोक हसायचे आधी, आता तेही भाजी विचारतात. पण हे सगळं आता कमी होत चाललंय. नवे सेट मोबाइलवर चालतात, त्यांना टोनच नाही, सगळं आपोआप. चांगलंच आहे. पण आपोआप जे होतं ते बिघडलं की कुणाकडे जायचं, ते मला अजून कळलेलं नाही. दुकान बंद केलं तरी खिडकीतला सेट म्हणूनच बंद होत नाही माझ्याच्यानं.

तर आता तुझं, मुक्ता. तुझा मेसेज येतो, 'सगळं ठीक, मावशी.' स्वच्छ येतो, क्लियर. माझे प्रश्न मात्र तुझ्यापर्यंत पोचतात की मध्येच कुठे गाळले जातात, हे मला कळायला मार्ग नाही. तुला माझं ऐकायचं नसेल, असं मी समजत नाही. तसं समजण्याची चूक काय असते ते मी बघितलंय. ऑफिस, डेडलाइन, ट्रॅफिक, कुणीतरी तुझ्या घरात भलताच आकडा भरून ठेवला असेल, आणि तो तुझ्याच काळजीनं, डबल पक्का करायला. पण इकडे मी खिडकीशी बसून पाय हलवतेय ना गं.

म्हणून उद्यापासून एक शब्द वाढव. 'सगळं ठीक, मावशी. बोल.' आणि मी बोलले की उत्तर दे. भाजी कोणती केलीस तेवढं सांगितलंस तरी चालेल.

आणि खरं सांगू, तेही नको. मध्ये पेटी आहे तोवर माझा विश्वास बसायचा नाही. तूच ये. या रविवारी ये. मी गिलकीची भाजी करते, तुला आवडत नाही ती. येऊन नाक मुरड, म्हणजे मला कळेल, पोचलं.